वेळ नाही

मृण्मयीच्या दंडावर काळ्या मार्करनं
कोलासो सरांनी लिहिलं : सात, एक, तीन.
सातवी शर्यत, पहिली हीट, तिसरी लेन.
काडीसारखा दंड, आकडे कोपराखाली उतरले.

पहिली हीट म्हणजे पहिला नंबर नव्हे,
हे मला मुलुंडच्या त्या तलावाच्या काठावर
सकाळी सव्वासातला कळलं.
हळू पोहणारे आधी, वेगवान शेवटी.
आणि जिची वेळ कधी कुणी मोजलीच नाही
तिच्या नावापुढं दोन अक्षरं : एन.टी.
नो टाइम. वेळ नाही.

मी हसलो. हे उत्तर
मी वाण्याला देतो, बायकोला देतो,
गावाहून आलेल्या फोनला देतो.
इथं अर्थ वेगळा :
अजून घड्याळ लागायचंय.

माणसं कमी पडली म्हणून पालकांतून चौघांना उचललं.
माझ्या गळ्यात स्टॉपवॉच, डोक्यावर पांढरी टोपी,
आणि लेन सहा. आपल्या पोराची लेन देत नाहीत.
विरकर मॅडमनी बजावलं :
भोंग्यावर दाबा, उडीवर नाही.
हात भिंतीला लागला की दाबा, डोकं आलं म्हणून नाही.
ओरडायचं नाही.
शेजारी काही का होईना,
नजर आपल्या लेनवर.

बारक्या शिट्ट्या, मग एक लांब.
सहा मुली ठोकळ्यांवर चढल्या.
'टेक युवर मार्क'
आणि मग ती मधली शांतता.
तीत जी हलली ती गेली,
नंतर कितीही पोहली तरी गेली.
माझंच पाऊल हललं.

ब्रेस्टस्ट्रोक. आम्ही याला बेडूक म्हणायचो.
माखजनच्या विहिरीत काकानं
कमरेला पत्र्याचा डबा बांधून ढकललं,
तेव्हा नियम एकच होता : वर ये.
वर आलास की एका हातानं पायरी धर,
दुसऱ्यानं नाक पूस.
गेल्या मे महिन्यात हेच मी तिला शिकवलं,
त्याच पायरीवर, शेवाळ चुकवत.

लेन सहात ध्वनी देढिया येत होती.
लाल टोपी वर, खाली, वर.
मी वाकलो. तिचे दोन्ही तळवे
एकदम भिंतीवर आले, भाकरी थापावी तसे.
दाबलं. अठ्ठावन्न पूर्णांक सदतीस.
खूप वर्षांनी काहीतरी अचूक केल्यासारखं वाटलं.

मान वर केली तेव्हा
लेन तीनपाशी एक हात उभा होता.
तिचा नव्हे, पंचबाईंचा.
सरळ, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखा.

काय झालं, मी विचारलं नाही.
ती पायरी धरावी तशी भिंत धरून
दुसऱ्या हातानं नाक पुसत होती,
आणि हसत होती,
कारण ती वर आली होती.

डीक्यू झालं की वेळही धरत नाहीत.
म्हणजे पुढच्या मीटलाही एन.टी.
लेन तीनच्या सबनीसांनी घड्याळ माझ्याकडं वळवलं,
मॅडमची पाठ होती तेवढ्यात.
एक मिनिट चार, आणि पुढं काहीतरी,
माझा चष्मा ओला होता.
मग त्यांनी अंगठ्यानं शून्य केलं.

बाकावर टॉवेल गुंडाळून
शेंगदाण्याचा लाडू खात ती म्हणाली,
"दोन हात कशाला? बुडताना कोण दोन हात लावतं?"
"तू बुडत नव्हतीस ना."
यावर ती बराच वेळ चावत राहिली.

संध्याकाळी जिन्यात ती माझ्यापुढं धावली
आणि तिसऱ्या मजल्यावर आमच्या दारावर
दोन्ही तळवे एकदम आपटले.
वळून माझ्याकडं बघितलं.
घड्याळ तर मी केव्हाच जमा केलेलं.

आतून आवाज आला,
"अगं, बेल आहे ना!"